फ्लोअर टॉमचा स्वर आणि त्याची आस

पाश्चात्त्य पद्धतीच्या वाद्यमेळात ड्रमवादकाच्या उजव्या हाताशी तीन पायांवर उभा असणारा जो मोठा नळकांड्यासारखा ढोल दिसतो, त्यास फ्लोअर टॉम म्हणतात. त्याचे प्रचारातील सर्वसाधारण माप व्यास १६ इंच व उंची १६ इंच असे आहे. १४ व १८ इंच व्यासाचे ढोलही वापरात आहेत. लाकडी खोडाच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही तोंडांवर पातळ पान ताणलेले असते. (ढोलपथकांत वाद्याच्या ताणलेल्या पडद्यास ‘पान’ म्हणण्याचा प्रघात आहे, तोच शब्द येथे स्वीकारला आहे.) प्रत्येक पानावर धातूचे कडे बसते आणि ते कडे बहुधा आठ स्क्रूंनी खोडाकडे ओढले जाते. आघात होतो तो वरच्या पानावर; खालचे पान त्यास साथ देते.

ड्रमसंचातील वाद्यांत हे वाद्य लावण्यास विशेष अवघड, अशी वादकांची तक्रार जुनी आहे. ‘धप्’ असा आवाज होऊन तो जागच्या जागी विझतो. किंवा आवाज टिकतो खरा, पण एका स्वरावर न राहता हेलकावे खात राहतो. तंबोऱ्याच्या बाबतीत ज्या गुणास आपल्याकडे ‘आस’ म्हणतात, तो या ढोलात सहजासहजी हाती लागत नाही. यावर सर्वत्र सांगितला जाणारा उपाय असा की, प्रत्येक स्क्रूजवळचा आवाज समान करावा. हा उपाय आवश्यक आहे; पुरेसा मात्र नाही. वरच्या पानाच्या आठही स्क्रूंजवळ एकच स्वर ऐकू येत असूनही ढोल मुका राहू शकतो. याचे कारण असे की, स्क्रूजवळ ऐकू येणारा स्वर आणि मध्यभागी आघात केल्यावर उमटणारा ढोलाचा स्वर हे दोन निरनिराळ्या कंपनप्रकारांचे स्वर आहेत. पहिला बहुतांशी एकेका पानाचा असतो. दुसरा दोन्ही पाने आणि त्यांच्यामध्ये कोंडलेली हवा यांचा सामायिक असतो. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे वादकांमध्ये पुष्कळसे वाद उत्पन्न झाले आहेत, आणि त्यांपैकी काही निष्कारण आहेत.

या वाद्याचा इतिहास फार मागे जात नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील ड्रमवादक चिनी बनावटीचे ढोल वापरीत. त्यांची चामडी पाने खिळ्यांनी कायमची ठोकलेली असत. त्यामुळे स्वर लावण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, फार तर ऊब देऊन चामडे ताठ करावयाचे. दोन्ही पाने स्वतंत्रपणे ताणता येतील असे टॉम १९३० ते १९४० या दशकाच्या मध्यास प्रचारात आले. स्लिंगरलँड या कंपनीने जीन क्रुपा या वादकाच्या आग्रहावरून ते सिद्ध केले असे सामान्यतः सांगितले जाते. बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाने १९३७ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘सिंग, सिंग, सिंग’ या रचनेत क्रुपा यांनी टॉमवर जे वादन केले, त्यायोगे या वाद्यास केवळ ताल धरणाऱ्या साधनाहून वेगळे स्थान मिळाले. तोपर्यंत पाने वासराच्या कातड्याची असत. १९५७ मध्ये रेमो बेली यांनी मायलार या पॉलिएस्टर फिल्मची पाने बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत कातडे मागे पडले. हवेतील ओल वाढली की कातडे सैल पडते, मायलार पडत नाही, हे त्याचे एक मुख्य कारण होय. मुंबईच्या पावसाळ्यात तबल्याशी झुंजणाऱ्या वादकास या सोयीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पण सोयीबरोबर एक अडचणही आली. कातडे स्वतःच आपल्या अंतर्गत घर्षणाने उच्च उपस्वर बरेचसे शोषून घेत असे. मायलार ते स्पष्ट उमटू देते. स्वर लावण्यातील लहानसहान दोष पूर्वी झाकले जात ते आता उघडे पडू लागले.

ताणलेल्या वर्तुळाकार पटलाच्या कंपनांचे गणित लॉर्ड रॅले यांच्या १८७७ मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिविषयक ग्रंथात सविस्तर आढळते. येथे त्यातील दोनच कंपनप्रकार विशेष उपयोगी आहेत. पहिल्यात संपूर्ण पान एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जाते. कडेखेरीज कोठेही निस्पंद रेषा नसते. यास मूळ प्रकार म्हणू. दुसऱ्यात पानाच्या मधोमध एक निस्पंद व्यास असतो. त्याच्या एका बाजूचे अर्धे पान वर जाते तेव्हा दुसऱ्या बाजूचे खाली येते. यास व्यासप्रकार म्हणू. आदर्श पटलात, म्हणजे हवेचा भार नाही व ताण सर्वत्र समान आहे असे मानले असता, व्यासप्रकाराची कंपनसंख्या मूळ प्रकाराच्या १.५९ पट असते. पुढील प्रकारांची गुणोत्तरे २.१४, २.३०, २.६५, २.९२ अशी येतात. बेसेल फलनांच्या शून्यस्थानांवरून मिळणारे हे आकडे पूर्णांकांच्या जवळपासही नाहीत. म्हणूनच तारेच्या ध्वनीत जो सुरेलपणा आपोआप येतो तो साध्या ढोलात येत नाही.

हा दोष दूर करण्याचे जे मार्ग वाद्यकारांनी शोधले त्यांपैकी सर्वांत पूर्णत्वास गेलेला मार्ग भारतीय आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आणि पुढे १९३४ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात मृदंग व तबला यांच्या पुडीचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावरून असे दिसून आले की शाईच्या भारामुळे पुडीचे पहिले नऊ कंपनप्रकार पाच गटांत एकत्र येतात आणि त्या गटांच्या कंपनसंख्या जवळजवळ १ : २ : ३ : ४ : ५ अशा होतात. पुडीवर बारीक वाळू पसरून निस्पंद रेषा डोळ्यांना दिसतील अशी व्यवस्था रामन यांनी केली होती. शाईच्या प्रत्येक थराबरोबर तबला करणारा कारागीर वस्तुतः एक अवघड गणित हातानेच सोडवीत असतो. फ्लोअर टॉमच्या पानावर शाई नाही. तेव्हा तबल्याप्रमाणे त्याचे उपस्वर पूर्णांकी करावेत ही अपेक्षाच गैर होय. त्याच्या स्वराचा विचार निराळ्या दिशेने करावा लागतो.

केटलड्रमची तुलना याहून अधिक फसवी आहे, कारण ते वाद्य ड्रमवादकाच्या परिचयाचे असते. केटलड्रमचे पोट नगाऱ्याप्रमाणे खालून बंद असते. त्याच्या मूळ प्रकारात पान खाली जाताना आतील हवा दाबली जाते आणि बाहेर केवळ एकाच पृष्ठाची हालचाल उरते. असा उद्गम हवेत ऊर्जा फार झपाट्याने टाकतो. त्यामुळे मूळ प्रकार क्षणात संपतो. मागे उरतो तो व्यासप्रकार. त्यात अर्धे पान हवा ढकलते तेव्हा उरलेले अर्धे ती ओढून घेते, म्हणून ऊर्जा सावकाश खर्च होते. केटलड्रमचा जो स्वर म्हणून ओळखला जातो तो या व्यासप्रकाराचा स्वर होय, आणि वादकही मध्यावर आघात न करता कडेच्या बाजूस करतो तो याच कारणाने. फ्लोअर टॉममध्ये गोष्ट उलट आहे. त्याचा स्वर मूळ प्रकाराचाच असतो, आणि तो टिकतो. असे का व्हावे, याचे उत्तर खालच्या पानात आहे.

थोडे आकडे मांडल्यास विषय सुलभ होईल. १६ इंच व्यासाचे, ०.२५४ मिलिमीटर (म्हणजे इंचाचा शंभरावा भाग) जाडीचे मायलारचे पान घेतले तर कड्याच्या आतील भागाचे वस्तुमान सुमारे ४६ ग्रॅम भरते. ढोलाच्या पोटात सुमारे ५३ लिटर हवा मावते. तिचे वस्तुमान सुमारे ६३ ग्रॅम. म्हणजे ज्या हवेस आपण रिकामी जागा समजतो ती एका पानाहून जड आहे. आता प्रत्येक पान एकटे, निर्वातात, दर सेकंदास ८० कंपने करील इतके ताणले आहे असे समजू. यासाठी दर मीटरला सुमारे ६४० न्यूटन ताण लागतो. संपूर्ण परिघावर मिळून ही ओढ सुमारे ८३ किलोग्रॅम वजनाइतकी, आणि आठ स्क्रूंत वाटली असता दर स्क्रूमागे, घर्षण सोडून, १० किलोग्रॅमच्या आसपास होते. आकाराच्या मानाने ही ओढ माफकच म्हटली पाहिजे. मंद स्वरात लावलेल्या फ्लोअर टॉमचे स्क्रू वाजविता वाजविता आपोआप सैल होतात याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

अशी दोन सारखी पाने एकाच खोडावर बसविली म्हणजे मूळ प्रकाराचे दोन प्रकार होतात. एकात दोन्ही पाने एकाच दिशेने हलतात. वरचे खाली गेले की खालचेही खाली जाते, आणि मधली हवा एखाद्या दट्ट्याप्रमाणे त्यांच्याबरोबर सरकते. दुसऱ्यात पाने परस्परविरुद्ध हलतात. हवा आळीपाळीने दाबली व विरळ केली जाते. दुसऱ्या प्रकारात हवेची स्प्रिंग पानांच्या ताणात भर घालते. पानांचा कंपनाकार बदलत नाही असे धरून अंदाज केला तर ८० ची कंपनसंख्या २०० च्या आसपास जाते. प्रत्यक्षात आकार बदलतो व बाहेरील हवेचा भारही असतो, म्हणून आकडा याच्या बराच खाली राहतो, पण ८० हून तो पुष्कळच वर असतो यात शंका नाही. पहिल्या प्रकारात हवा स्प्रिंग म्हणून काहीच करीत नाही. ती केवळ वाहून न्यावयाचे ओझे होते. ६३ ग्रॅमचे हे ओझे दोन पानांवर पडल्याने ८० ची कंपनसंख्या सुमारे ६६ वर उतरते. बाहेरच्या हवेमुळे ती आणखी थोडी उतरेल.

हा खालचा, सह-दिशेचा प्रकार म्हणजेच फ्लोअर टॉमचा स्वर. तो टिकतो याचे कारण असे की, वरचे पान जितकी हवा आत ओढते जवळजवळ तितकीच खालचे पान बाहेर ढकलते. केटलड्रमच्या मूळ प्रकारात जे घडत नाही ते येथे घडते: एका तोंडाचा परिणाम दुसरे तोंड बऱ्याच अंशी पुसून टाकते, आणि ऊर्जा हवेत सावकाश जाते. खालचे पान काढून टाकले तरी उघड्या तोंडातून हवेची ये-जा चालू राहते; परंतु ऊर्जा साठविणारे एक पान कमी झाल्याने आस तोकडी होते.

व्यासप्रकारात मात्र एकंदर हवा आत वा बाहेर जातच नाही. पानाखालची हवा केवळ या अर्ध्यातून त्या अर्ध्यात कलंडते. त्यामुळे व्यासप्रकारात दोन पानांमधील दुवा तुलनेने कच्चा असतो. वरच्या पानाचा व्यासप्रकार मुख्यतः वरच्या पानाच्या ताणावर ठरतो, खालच्याचा खालच्या पानाच्या. वरील उदाहरणात त्याची आदर्श कंपनसंख्या १२७ येते. हवेच्या भाराने ती खाली येईल. तथापि ढोलाच्या स्वराशी तिचे गुणोत्तर आदर्श पटलाच्या १.५९ हून बरेच मोठे राहते, कारण मूळ प्रकार हवेच्या ओझ्याने अधिक खाली ओढला गेलेला असतो. स्क्रूजवळ, कडेपासून दीडदोन इंचांवर हलका आघात केला असता कानास मुख्यतः ऐकू येतो तो हाच व्यासप्रकार. म्हणजे स्क्रूजवळचा स्वर मोजणारा वादक पानाचा ताण मोजीत असतो, ढोलाचा स्वर मोजीत नसतो.

यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो व्यवहारात फार उपयोगी आहे. ढोलाचा स्वर दोन्ही पानांच्या ताणांच्या जवळजवळ सरासरीवर अवलंबून असल्याने तो वरच्या पानाइतकाच खालच्या पानानेही बदलतो. वरच्या पानाचा ताण २० टक्क्यांनी उतरविला आणि खालच्याचा तितकाच चढविला, तर ढोलाचा स्वर बहुतांशी होता तेथेच राहतो. वरचा व्यासप्रकार मात्र १२७ वरून ११४ च्या आसपास उतरतो व खालचा १३९ च्या आसपास चढतो. काठीस वरचे पान मऊ लागेल, कडेवरील झंकार निराळा होईल, पण दूरवर जाणारा स्वर तोच राहील. ‘खालचे पान चढवावे’ आणि ‘खालचे पान उतरवावे’ असे दोन पक्ष वादकांत आहेत आणि दोघेही आपापल्या अनुभवाचा दाखला देतात. दोघांचेही अनुभव खरे असू शकतात. एकाने वरचे पान तसेच ठेवून खालचे चढविले, त्यामुळे स्वर चढला. दुसऱ्याने खालचे उतरविताना वरचे चढविले, त्यामुळे स्वर स्थिर राहून केवळ झंकार बदलला. तुलना करताना काय स्थिर ठेवले हे न सांगितल्यास असा वाद मिटणे शक्य नाही.

आस सर्वाधिक केव्हा मिळते याविषयी वादकांचा अनुभव पुष्कळसा एकमुखी आहे: दोन्ही पाने एकाच स्वरात असताना. सिद्धांताशी हे जुळते, पण एका मर्यादेने. ताणांतील थोड्या फरकाने मूळ प्रकार फारसा बिघडत नाही, कारण मधल्या हवेची स्प्रिंग इतकी ताठ आहे की ती दोन्ही पानांना जवळजवळ सारखीच हवा सरकविण्यास भाग पाडते. बिघडतात ते व्यासप्रकार. पाने सारखी असताना खालच्या पानाचा व्यासप्रकार वरच्यास प्रतिसाद देतो आणि शेवटपर्यंत एकच झंकार ऐकू येतो. ती भिन्न असताना दोन झंकार निरनिराळ्या वेगाने विझतात आणि कानास स्वर घसरल्यासारखा वाटतो. हा घसरलेला स्वर काही वादकांस हवाही असतो. रुचीच्या प्रश्नात शास्त्राने निवाडा देऊ नये. मात्र लांब व स्थिर आस हवी असेल तर आरंभ समान पानांपासून करावा हेच सोयीचे.

आता हेलकावणाऱ्या आवाजाविषयी. व्यासप्रकारात निस्पंद व्यास कोणत्याही दिशेस असू शकतो. म्हणून वस्तुतः हा प्रकार एकटा नसून परस्परांस लंब असलेल्या दोन प्रकारांची जोडी आहे. ताण सर्वत्र समान असेल तर दोघांची कंपनसंख्या एकच असते आणि जोडी असल्याचे कळतही नाही. ताण असमान झाला की ती फुटते, आणि दोन जवळच्या स्वरांतून विस्पंद उत्पन्न होतात. १२७ कंपनांवर ३ कंपनांचा फरक पडला तर दर सेकंदास तीन हेलकावे ऐकू येतील. हा फरक कंपनसंख्येच्या सुमारे २.४ टक्के, कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने दोन दिशांतील परिणामी ताणांत फक्त ५ टक्क्यांच्या आसपास भेद तेवढ्यास पुरतो. दर स्क्रूची ओढ १० किलोग्रॅम धरली तर अर्ध्या किलोग्रॅमच्या मानाचा हा प्रश्न आहे. स्क्रूच्या किल्लीस अर्धा फेरा देणाऱ्या हातास हा भेद जाणवणार नाही. कानास मात्र तो लगेच जाणवतो.

येथे एक बारकावा आहे. समोरासमोरचे दोन स्क्रू, एक घट्ट व एक सैल, असे असतील तर व्यासप्रकाराच्या जोडीवर त्याचा परिणाम पहिल्या अंदाजात नाहीसा होतो. कारण निस्पंद व्यास कोणताही घेतला तरी घट्ट व सैल बाजू एकमेकींची भरपाई करतात. जोडी फुटते ती समोरासमोरचे दोन स्क्रू घट्ट आणि त्यांना काटकोनात असलेले दोन सैल असतील तेव्हा, म्हणजे ताणाची आकृती लंबवर्तुळाकार असेल तेव्हा. म्हणून समोरासमोर क्रमाने स्क्रू फिरविण्याची प्रचलित रीत कडे तिरके बसू न देण्यास उत्तम असली, तरी विस्पंद शोधताना तुलना करावयाची ती समोरच्या स्क्रूशी नव्हे, काटकोनातील स्क्रूशी. आठ स्क्रूंच्या ढोलात तो एक सोडून पुढचा स्क्रू असतो. तबल्याच्या गजऱ्यावर हातोडी चालविणारा वादकही एका घराचा स्वर सर्वच घरांशी ताडून पाहतो, समोरच्या एकाच घराशी नाही.

प्रत्यक्ष स्वर लावताना प्रथम खोडाची कड तपासणे इष्ट. ती सपाट नसेल तर कोणत्याही स्क्रूने ताण समान होणार नाही. कड सपाट काचेवर टेकवून आत दिवा ठेवला असता फटीतून प्रकाश दिसतो. पान कडेवर सैलपणे फिरले पाहिजे. मग सर्व स्क्रू बोटांनी फिरतील तितके फिरवावेत, आणि पुढे किल्लीने समोरासमोरच्या क्रमाने अर्धा-अर्धा फेरा द्यावा. पानावरील सुरकुत्या गेल्या म्हणजे मध्यभागी तळहाताने दाब द्यावा, त्यायोगे पान कडेवर नीट बसते. यानंतर स्वर उतरल्याचे आढळेल, ते अपेक्षितच आहे. एका पानावर काम करताना दुसरे पान जाड कापडावर टेकवून मुके करावे. पानाच्या मध्यावर बोट अलगद टेकवून कडेजवळ हलका आघात केला तर मूळ प्रकार दबतो आणि व्यासप्रकार स्वच्छ ऐकू येतो, कारण त्याची निस्पंद रेषा मध्यातूनच जाते. या रीतीने आठही जागा समान कराव्यात. नंतर ढोल उलटा करून दुसऱ्या पानावर तेच करावे व दोन्ही पानांचे व्यासप्रकार एका स्वरात आणावेत. शेवटी ढोल पायांवर उभा करून, दोन्ही पाने मोकळी ठेवून, मध्यभागी आघात करावा. आता जो ऐकू येतो तो ढोलाचा स्वर. तो हवा त्याहून खाली वा वर असेल तर दोन्ही पाने सारख्याच प्रमाणात बदलावीत. वर्गमुळाचा नियम येथे विसरता कामा नये: स्वर एका पंचमाने चढवावयाचा तर ताण सव्वादोन पट करावा लागतो.

पान फार सैल ठेवले तर आघाताच्या क्षणी ते इतके खाली दबते की ताण त्या क्षणापुरता बराच वाढतो. आवाज आरंभी चढा असतो व लगेच घसरतो. स्वर स्थिर हवा असेल तर ताणास एक किमान मर्यादा आहे आणि ती ओलांडून खाली जाता येत नाही. मोठ्या व्यासाच्या ढोलाचे प्रयोजन हेच की, ताण पुरेसा ठेवूनही स्वर मंद राहावा. १४ इंची ढोलातून १८ इंचीचा स्वर काढण्याचा हट्ट बहुधा याच ठिकाणी फसतो. पानांच्या निवडीविषयी इतकेच पुरे की, दुपदरी पानात थरांच्या परस्पर घर्षणाने उच्च उपस्वर लवकर विझतात, एकपदरी पानात ते टिकतात. पानास कापड, चिकटपट्टी इत्यादी लावून झंकार कमी करण्याची रीत सरसकट प्रचारात आहे. कडेजवळ लावलेला लहान तुकडा मूळ प्रकारास फारसा धक्का न लावता वरच्या प्रकारांतील ऊर्जा खातो. मध्यावर लावलेला तुकडा नेमक्या हव्या त्या स्वरास जड करतो. परंतु विस्पंद झाकण्यासाठी पट्टी लावणे म्हणजे ताणातील दोष तसाच ठेवून त्याबरोबर आसही गमावणे होय.

आस गमावण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो पुष्कळदा दुर्लक्षिला जातो, कारण तो पानांत नसून पायांत आहे. सह-दिशेच्या प्रकारात दोन पाने व मधली हवा मिळून सुमारे दीडशे ग्रॅम वस्तुमान एकाच वेळी खाली-वर होते. याची प्रतिक्रिया खोडावर होते. ते उलट दिशेने, अल्प प्रमाणात का होईना, उभे हलते. फ्लोअर टॉमचे पायही उभेच असतात. म्हणजे ज्या कंपनप्रकारावर ढोलाचा स्वर व आस अवलंबून आहे, नेमका तोच पायांतून जमिनीत ऊर्जा ओतण्यास सर्वांत अनुकूल आहे. व्यासप्रकारात किंवा विरुद्ध-दिशेच्या प्रकारात अशी एकत्रित उभी ओढ उत्पन्न होत नाही. पोकळ लाकडी रंगमंचावर ढोल मुका वाटतो आणि दुसऱ्या जागी तोच बोलका होतो याचे हे एक कारण आहे. पायांच्या टोकास मऊ रबराचे पोकळ बूट घातले किंवा त्यांखाली फेल्ट अथवा स्पंजची जाड चकती ठेवली तर खोडास हलण्यास वाव मिळतो व ऊर्जा पानांतच राहते. चकती मऊ असली पाहिजे. घट्ट रबर ठेवून फरक पडत नाही.

दोष पायांत की पानांत, हे ठरविण्यास एक सोपी कसोटी आहे. दुसऱ्या कोणीतरी ढोल पायांना धरून जमिनीपासून दोन बोटे वर उचलावा आणि वादकाने मध्यभागी आघात करावा. मग तो खाली ठेवून तितक्याच जोराने पुन्हा करावा. उचललेल्या स्थितीत स्वर अधिक वेळ टिकला तर स्क्रूंना हात न लावता प्रथम पायांची व्यवस्था पाहावी. दोन्ही वेळा आवाज सारखाच विझत असेल तर ढोल पुन्हा कापडावर उलटा ठेवून, मध्यावर बोट टेकवून, काटकोनातील स्क्रूंची तुलना नव्याने सुरू करावी लागेल.